हयातीचा दाखला

नोव्हेंबर आला की बँकेला पटवून द्यायचं
की मी अजून आहे.
बेकिनकेऱ्याहून साडेआठची बस,
पिशवीत पेन्शनबुक, चष्मा,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली चार रताळी.
मशीनच्या काचेवर अंगठा ठेवतो.
मशीन म्हणतं, नाही.

"दुसरं बोट ठेवा अज्जा," काउंटरवरची पोरगी म्हणते.
गोकाककडची आहे, मराठी जपून बोलते,
निसरड्या बांधावरून चालावं तशी.
दुसरंही नाही. माती उकरून उकरून
बोटांवरच्या रेघा गेल्यात.
मागं रांग चुळबुळते.
मधलं बोट मी ठेवतच नाही. त्याचं पेर
एकाहत्तर साली तिकडंच राहिलं,
मल्लेशीच्या शेजारी.

मल्लेशी हुक्केरीकडचा. मराठी शिव्या
आमच्याकडून शिकला आणि चुकीच्या जागी वापरायचा,
सुभेदारसाहेबांसमोर तर हमखास.
लुमाण्णा आमच्याच गावचा, खालच्या गल्लीतला.
"काय करूलास रे?" म्हणत
तासातासाला माझ्या खंदकात डोकवायचा,
जसं काही मी तिथं
वेगळंच काहीतरी करत असणार.

शेवटचं काय बोलले, लोक विचारतात.
झेंडावंदनाला शाळेत बोलावतात तेव्हा तर विचारतातच.
मी काहीतरी सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात.
खरं असं की लुमाण्णा काहीच बोलला नाही,
त्याला वेळच मिळाला नाही.
मल्लेशीला मिळाला.
त्यानं विचारलं, किती वाजले?
माझ्याकडं घड्याळ नव्हतं,
रात्र अर्धीसुद्धा सरली नव्हती.
म्हणालो, पाच.
"मग चहा येईल आता," म्हणाला
आणि वाट बघत राहिला.

त्याच्या खिशात अर्धं पत्र होतं, कानडीत.
सुट्टीला आलो तेव्हा घेऊन गेलो.
त्याच्या अव्वाला वाचता येत नव्हतं, मलाही नाही.
मास्तरांना बोलावलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं :
म्हैस व्याली का? रेडा झाला की पारडी?
इथं एक बेकिनकेऱ्याचा आहे,
घोरतो फार, पण

पणच्या पुढं कागद कोरा.
म्हातारीनं माझ्याकडं बघितलं,
जेवलास का, एवढंच विचारलं, तिच्या भाषेत.
तेवढी कानडी मला येत होती.

नंतर कितीदा पाट्यांना डांबर फासलं,
बसच्या काचा फुटल्या,
दोन्हीकडच्यांनी स्टेजवर बोलावलं,
मेडल लावून या म्हणाले.
गेलो नाही. त्या 'पण'च्या पुढं काय होतं
ते त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बंतु!" पोरगी ओरडते. करंगळीनं काम केलं.
कागद सरकत बाहेर येतो, थोडा कोमट.
मी रताळी पुढं करतो.
ती लाजते, मग घेते. "उकडायची?"
उकड, नाहीतर राखेत भाज.

एवढंच सांगतो.
लुमाण्णा त्या साली रजेवरून येताना
पोतं भरून घेऊन आला होता, ते सांगत नाही.
भाजताना धूर झाला म्हणून सगळ्यांनी मार खाल्ला.
त्याच्या पिट्ठूत एक उरलं होतं.
फेब्रुवारीत त्याच्या घरी पिट्ठू पोचवला,
उघडला, तर त्याला कोंब फुटलेले,
जांभळे, बोटबोटभर.
वहिनी म्हणाली, तुम्हीच लावा कुठंतरी.

रताळ्याचं बी पेरत नाहीत.
वेल कापायचा, तोच पुन्हा लावायचा.
पन्नासावर पावसाळे झाले,
मी कापतोय, लावतोय.
म्हणजे अजून तोच आहे, लुमाण्णाच्या रताळ्याचा.
त्याचा दाखला
कुणी मागायला आलेलं नाही.