दिलेल्या उताऱ्यापुरतं

आत्या कोर्टाच्या आवारात टायपिंग करते,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकवलेल्या टेबलावर,
तीन भाषांत प्रतिज्ञापत्रं.
कन्नड तिच्या बोटांना डोळे मिटून येते,
मराठीत ती अजून 'ज्ञ'पाशी अडखळते,
इंग्रजी वाचत नाही, नुसती उमटवते.
'सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की'
हे माझ्या कानावर पाढ्यांच्या आधी पडलं.

म्हणून कायदा, असं मी कुणी विचारलं तर सांगते.
खरं म्हणजे शिवलीलाच्या दादाची जुनी पुस्तकं
रद्दीत जाणार होती,
आणि ती मी सायकलवर घेऊन आले,
दोन खेपांत.

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या अभ्यासिकेत
आम्ही घड्याळ लावून बसतो.
एकशेवीस प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क वजा.
मालगाडी गेली तरी घड्याळ थांबवत नाही;
हुबळीच्या सेंटरबाहेरही गाड्या असतीलच.
सूचना अशी असते:
उताऱ्याबाहेरचं तुम्हाला काहीच माहीत नाही असं समजा.
हेच मला जमत नाही.
उताऱ्यात दोन भाऊ असतात, एक बांध, एक विहीर,
आणि मला विहिरीचं पाणी माहीत असतं,
मार्चमध्ये कितव्या पायरीवर जातं ते,
धाकट्याची बायको कुठल्या गावची तेही.
शिवलीला टिक करून मोकळी.
"विहीर विसर की गं. विहीर कुठं विचारलीय?"
तिची मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरी आहे
आणि मार्क माझ्यापेक्षा अकरा जास्त.

एक नोव्हेंबरला मॉक होती.
आबाकाका काळी फीत लावून निघाले होते,
दारात थांबले. "काय वाचुलालीस?"
म्हटलं, करार.
"वाच. मग दिल्लीतला आपला दावा तूच चालव."
तो दावा वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे.
मी होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही,
आणि करारात गप्प बसणं म्हणजे स्वीकार नव्हे,
हे त्याच पानावर होतं.

आता पसंतीक्रम.
आत्या लाइटबिलाच्या पाठीवर लिहून काढते.
बेंगळूर: रात्रीची रेल्वे, सकाळी दारात.
दहा वर्षं इथंच शिकल्याचा दाखला चालतो.
नागपूर: तिथं म्हणतील, कर्नाटकातली ना तू,
मग मराठी एवढी कशी येते?
बेंगळुरात हेच उलटं विचारतील.
मुंबई: फीचा आकडा वाचून तिने पेनाला टोपण लावलं,
मग काढलं. "लिहून तर ठेवू."
भोपाळ: "तिथं भात मिळतो?"
पतियाळापुढे नुसतं 'स्वेटर'.
पहिला नंबर रिकामा ठेवलाय.
शिवलीलाने तिचा भरला, मला दाखवला नाही,
मीही मागितला नाही.
येळ्ळूरच्या रस्त्याने दोघी सायकलवर परतताना
कापलेल्या भाताचा वास होता,
आणि आम्ही कॉलेज सोडून सगळ्यावर बोललो.

दाखल्यावर मी मुचंडी आहे.
मार्कलिस्टवर मुचंडीकर.
आधारवर मधे एक जास्तीचा 'ह' आलाय, कुणाचा कोण जाणे.
ऑफिसातला क्लार्क म्हणाला, अफिडेव्हिट आणा.
तेव्हा मी रांगेत उभी राहिले,
आत्याच्या टेबलासमोर, चौथी.
एका म्हाताऱ्याचा वारसा, एक हरवलेलं लायसन,
कुणाची तरी बदललेली जन्मतारीख,
मग मी.
तिने मान वर केली नाही.
नाव? वय? राहणार?
तिला सगळं माहीत होतं, तरी विचारलं,
उताऱ्याबाहेरचं काही माहीत नसल्यासारखं,
आणि मी सांगितलं, स्पेलिंगसकट.
'वरील तिन्ही नावांची व्यक्ती
मी एकच असून'
इथं ती अडखळली, 'ज्ञ' नसतानाही.
स्टॅम्पचे पैसे घेतले, टायपिंगचे नाही.

सही कुठल्या भाषेत करू, विचारलं.
"जिच्यात वाकडी येत नाही तिच्यात,"
म्हणाली,
आणि माझ्या मागच्या माणसाकडे हात केला.