रकाना सात

शाळा मोडायला अर्धा तास लागतो, उभारायला दीड.
ओयूनबिलेग बाईंनी आल्या-आल्या एवढंच सांगितलं,
आणि खारट चहाचा वाडगा माझ्या हातात दिला.

मी जिल्ह्याच्या गावाहून आलेली तपासनीस.
रशियन व्हॅनने कंबरेचा पार भुगा केलेला,
मांडीवर तक्ते, दर मुलामागे बारा रकाने.
बाहेर गवत, गवतापलीकडे गवत,
मध्ये नमद्याचा हा पांढरा गोल तंबू,
कळपांमागून फिरणारी बालवाडी.
ऑगस्ट संपला की हीसुद्धा उठणार.

आत नऊ मुलं.
एक मुलगी चुलीसाठी शेण निवडत होती,
खडखडीत वाळलेलं इकडे, ओलसर तिकडे.
मी लिहिलं : वर्गीकरण जमते.
दोघांची लाल लगामावरून जुंपली होती.
बाई उठल्या नाहीत.
मी पेन थांबवून पाहिलं. तरी नाही.
भिजल्या लोकरीसारखं ते भांडण
आपल्याच वजनाने खाली बसलं
आणि लगामाच्या दोन टोकांना एक घोडा, एक स्वार झाला.
याला रकाना नव्हता.

रकाना सात : दहापर्यंत मोजतो. होय / नाही.

चुलून, साडेचार वर्षांचा, नाक वाहणारं.
त्याच्यापुढे मी मेंढीच्या घोट्याची हाडं मांडली, दहा.
मोज, म्हटलं.
एक, दोन, पाच,
मग त्याने एक हाड उताणं केलं. "हा उंट दमलाय."
पुन्हा मोज.
"ही शेळी. हिला उंटाची भीती वाटते."
पुन्हा, म्हटलं. माझा आवाज चढला असणार,
कारण बाईंनी मध्येच येऊन माझा वाडगा भरला. तो भरलेलाच होता.

संध्याकाळी त्याच्या बापाने कोकरं वळवून आणली.
एकच लोट, धूळ आणि बें-बें,
कुठलं कुठे संपतं कळेना.
चुलून दारात उभा, तोंडात सुकल्या दह्याचा तुकडा.
म्हणाला, "काळ्या कानाची नाही आली."
बापाने मोजायला घेतलं, दोनदा चुकला,
तिसऱ्यांदा एकसष्ट. हवी होती बासष्ट.
घळीत सापडली, बिळात खूर अडकलेली.

तुला कसं कळलं रे?
त्याने माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी विचारलं होतं,
आई घरात नाही हे तुला कसं कळतं?

रात्री बाई चुलीत शेणी सारत होत्या.
मी म्हटलं, तुम्ही त्याला आकडे का शिकवत नाही?
"शिकवतेच आहे," त्या म्हणाल्या.
बराच वेळ काही नाही. मग,
"तो अजून चेहरे मोजतो.
आकडा यायचा तर आधी चेहरा पुसावा लागतो.
सहाव्या वर्षी वसतिगृहात जाईल, तिथे पुसतीलच."
मी त्याच वसतिगृहातली. हे त्यांना माहीत नव्हतं,
की होतं?

सकाळी त्यांनी हाडं पुन्हा काढली.
"कळपाला तहान लागलीय," म्हणाल्या,
आणि बाटल्यांची झाकणं त्याच्यापुढे ओतून
सरळ दूध तापवायला निघून गेल्या.
उंटाला एक झाकण. शेळीला एक, पण लांब.
घोड्याला एक.
शेवटचं हाड हातात धरून तो थांबला.
"याला पाणी नाही उरलं."
मागे वळून न बघता बाई म्हणाल्या, "मग काय करायचं?"
तो विचार करत राहिला.
दूध उतू गेलं तरी कुणी त्याला हलवलं नाही.

रकाना सात मी कोरा सोडला.
कार्यालयात विचारतील, तेव्हा बघू.

परतीच्या व्हॅनमध्ये डोळे मिटून
मी ती मुलं आठवायला बसले.
शेणवाली. लगामाचे दोघे. चुलून.
दारामागे झोपलेलं एक. वेणी चघळणारी एक.
पुढे काही येईना.
तक्ता उघडून पाहिला,
मुले : नऊ.
आकडा बरोबर होता.