सहा रियाल दोनशे बैसा

अल-खुवैरच्या हॉटेलात, तळघरातल्या हॉलमध्ये
शुक्रवार-शनिवार
कंपनीने आम्हाला उमलायला पाठवलं.
एसी असा की शाल आणायला हवी होती.
वर रस्त्यावर सेहेचाळीस.

दारातच छातीवर नावं चिकटवली.
यादी मीच पाठवलेली, पगारपत्रकातून उचलून.
माझ्यावर विभावरी, अख्खं.
एकवीस वर्षांत मस्कतमध्ये
विभा मॅडमच्या पुढे कुणी गेलं नव्हतं,
उगीचच बरं वाटलं.

लान्सलॉट सर गालाशी माइक लावून म्हणाले,
इथे कुणी साहेब नाही, कुणी शिपाई नाही,
बूट काढा, सोबत आपापलं ओझंही.
बूट काढले सगळ्यांनी.
कुणाच्या मोज्यांना भोकं, ते लगेच दिसलं,
साहेब कोण, तेही.

मग जोड्या. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत
तीन मिनिटं बघायचं, न हसता.
माझ्यासमोरचा अनोळखी नव्हता.
चव्वेचाळीस सतरा.
गेल्या महिन्यात सफाईचा सुपरवायझर झालेला,
त्याआधी पगार त्र्याण्णव,
खातं रुवीच्या शाखेत, वारस आई.
चेहरा तेवढा नवा.
डाव्या भुवईत एकच पांढरा केस.

तीन मिनिटं फार असतात.
पहिल्यात मला घरचा गॅस आठवला,
बंद केला की नाही.
तिसऱ्यात त्याच्या पापणीशी पाणी साचलं
आणि मी एसीला दोष दिला.

आता असं सांगा, जे कुणालाच सांगितलं नाही.
आजूबाजूला माणसं भराभर रडू लागली.
कुरियन वडिलांवर रडले,
रिसेप्शनची मारिसेल कुणावर ते कळलं नाही,
टिश्यूचा डबा प्रसादासारखा फिरत होता.
तो म्हणाला, आखाती हिंदीत, हळू,
जूनमध्ये भाऊ गेला, बोरिशालला, नदीत.
तिकीट परवडणारं नव्हतं.
दोन दिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलो.
सांगून काय झालं असतं?

जून. दोन दिवस. विनापरवाना गैरहजर.
त्र्याण्णव भागिले तीस, गुणिले दोन.
सहा रियाल दोनशे बैसा.
मी कापले होते. चहात बिस्किट बुडवता बुडवता.

माझी पाळी आली.
मी एक दुःख तयार ठेवलं होतं, नणंदेचं,
चांगलं, चारचौघांत सांगण्यासारखं.
ते घशाशी आलं आणि तिथेच बसलं.
म्हटलं, तुमचे पैसे मी कापले.
मालूम है मॅडम, तो म्हणाला,
स्लिप पे लिखा था.
राग नव्हता त्यात. असता तर
तीन मिनिटांत काहीतरी मिटवता आलं असतं.

शेवटी पाठमोरं पडायचं. मागचा झेलतो,
झेलतोच, असं सर म्हणाले.
पंचाहत्तर किलो, एक दुखरा गुडघा,
मी डोळे मिटले.
काखेखाली दोन हात आले, फिनेलचा वास,
माझ्याच ऑफिसच्या फरशीचा.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मला, पडल्याबद्दल.

निघताना प्रमाणपत्रं. त्याच्यावर छापलेलं,
मोहम्मद रेझवा.
आमच्या संगणकात नावाला तेवढीच जागा,
जास्त मी कधी मागितली नाही.
नुल हक रह गया, तो म्हणाला,
अम्मा को फोटो भेजना है.
पर्समधून पेन काढलं,
सोनेरी किनारीला अगदी खेटून लिहिलं, नुल हक.
छपाई काळी, शाई निळी.
जोड दिसतो.

रविवारी सकाळी जून उघडला.
महिना बंद आहे, संगणक म्हणाला.
बंद मीच केलेला.
टेबलावर सहीला पहिलीच फाइल आली,
व्यक्तिमत्त्व विकास, दोन दिवस, जेवणासह,
माणशी पंच्याऐंशी रियाल.
चव्वेचाळीस सतरा धरून.