दाणा

डिडकॉटच्या बाहेर, मोहरीच्या शेताला लागून जी प्रयोगशाळा आहे
तिथे आमचा रोबो राहतो. नाव डेरेक.
नाव जिलियननं ठेवलं, लेबल छापून चिकटवलं.
तिचा पहिला नवरा म्हणे असाच होता,
चुकायचा नाही, बोलायचाही नाही.

डेरेक एका ताटलीत शहाण्णव थेंब ठेवतो.
डोळ्यांत घालायच्या औषधाचा एक थेंब घ्या,
त्याचे पाचशे भाग करा, त्यातला एक.
प्रत्येकाला वेगळा क्षार, वेगळा आंबटपणा.
मग ताटली कपाटात जाते, वीस अंशांवर,
आणि कॅमेरा ठरल्या रात्री उठून
एकेका थेंबाचा फोटो काढतो.
पहिला दिवस. तिसरा. सातवा. एकविसावा.
सकाळी मी चहा घेऊन पाहत बसते.
स्वच्छ. स्वच्छ. गढूळ.
नासलेल्या दुधासारखा. स्वच्छ.
काहीच झालं नाही, याचेच बारा हजार फोटो.

आप्पा साखर कारखान्यात पॅनमन होते.
हंगामभर रात्रपाळी.
पॅनमधला कढत रस काचेच्या पट्टीवर घ्यायचे,
अंगठ्यानं पसरायचे, बल्बसमोर तिरकी धरायचे.
धरतोय, म्हणायचे.
किंवा, अजून नाही.
त्या वाफेत, त्या घरघरीत
याहून जास्त बोलायची सोयच नव्हती.

ऑक्टोबरात एका थेंबात काडी चमकली.
सगळे मॉनिटरपाशी जमलो, कुणी बिस्किटं आणली.
जिलियननं सुई टोचली.
कट्.
ऐकू आलं नाही कुणाला, तिच्या बोटांना कळलं.
"मीठ," ती म्हणाली आणि हातमोजे काढले.
मीठ ताठ्यानं तुटतं.
प्रथिनाचा स्फटिक दाबला की नुसता बसतो,
भरपूर चालून आलेल्या माणसासारखा.

रविवारी फोनवर आप्पांना सांगितलं.
"बी टाकलंस का?" त्यांनी विचारलं.
"रस कितीही आटव,
पहिला दाणा कुणाला बघून धरणार?"

सोमवारी जिलियनला विचारलं. तिनं पर्समधून काडेपेटी काढली.
आत मांजराची मिशी. पिकलची.
आपोआप गळलेली, शपथेवर सांगते.
गढूळ थेंबातून तिनं मिशी ओढली
आणि स्वच्छ थेंबातून एकदाच फिरवली.
साडेचार लाख पौंडांचा डेरेक
हिरवा दिवा लावून बाजूला उभा.

नवव्या दिवशी, मिशी गेली त्याच रेघेवर
ओळीनं बसलेले,
कडा असलेले,
टोचले तर मऊ.

मी फोटो पाठवला.
आई सांगते, आप्पा उठले,
फोन घेऊन स्वयंपाकघरातल्या बल्बखाली गेले,
तिरका धरून पाहिला,
काचेवरून अंगठा फिरवला. चित्र मोठं झालं, मग हरवलं,
मग नातवानं परत आणून दिलं.

तासाभरानं निरोप आला.
बारीक आहे.
अजून जरा ठेव.