काठावरचे ठिपके

पावणेसातला ग्लेन डबा आणून देतो, बर्फात ठेवलेला.
आत बोटाच्या पेराएवढा तुकडा, फिकट, ओलसर.
लहान मुलांचं हृदय दुरुस्त करताना
थायमस आड येते, म्हणून थोडी कापतात.
नाव नसतं. आकडा असतो, आणि वय:
पाच महिने.

छातीच्या हाडामागची ही पेशींची तालीम.
वय वाढलं की तिथे नुसती चरबी उरते.
माझी बहुतेक बंदच पडली असेल.

सगळ्यांत कोवळ्या पेशी वेगळ्या काढायच्या, रंगवायच्या,
अंधाऱ्या खोलीत भिंगाखाली बघत बसायचं.
प्रत्येकीत दोन मीटर धागा,
अक्षरन् अक्षर तेच.
मग एक ही होते, दुसरी ती,
कशामुळे?

डोरीनला मी तिच्याच नकाशावर दाखवलं,
भटकंतीत नेऊन नेऊन घड्यांवर फाटलेल्या.
मिटला की हेक्सम आणि समुद्राकाठचं टाइनमाउथ
गालाला गाल लावून बसतात,
मधे तीस मैल असले तरी.
धाग्याचंही तसंच. लांबचा कुणी वाकून कानाशी लागतो,
शेजारचा ओळखही देत नाही.
घडी पडते तसं घडत जातं.
हे इंग्रजीत काही केल्या सांगता येईना.

मला हवा तो हिरवा ठिपका. एकच जनुक,
आधी केंद्रकाच्या काठाला,
भिंतीला पाठ लावून गप्प.
मग कधीतरी ते काठ सोडतं, मधे येतं,
बोलू लागतं.
त्यानंतर त्या पेशीला दुसरं काही होता येत नाही.
टी पेशी. ठरलं.

"परत फिरतच नाही?" डोरीन विचारते.
तेवढं एक जनुक खोडलं
तर भर वयातली पेशीसुद्धा घराणं सोडते,
मारेकरी पेशींसारखी वागू लागते.
म्हणजे ठरलेलंही
रोज कुणीतरी धरून ठेवावं लागतं.

घरी टेबलावर नागरिकत्वाचा अर्ज पडलाय,
मार्चपासून, अर्धा भरलेला.
ही उपमा मला नको.
पेशीला सही करावी लागत नाही.

दोनशे अकरा ठिपके मोजले.
एकशे चौऱ्याण्णव काठाला. चौदा मधे.
तीन असे, की धड इथे नाहीत, धड तिथे नाहीत,
आणि वहीत त्यांना रकाना नाही.

बाहेर टाइनवर उजाडतंय.
ते मूल कसं आहे, हे आम्हाला कुणी कळवत नाही.
मी पेन्सिलीने समासात एक रेघ ओढते,
तिघांना तिथे ठेवते.