चावीवाला

फॉर्मवर वय : एक्क्याऐंशी.
त्या आकड्यापाशी तीन इस्पितळं अडखळली,
"कळवतो" म्हणाली.
चौथे आम्ही, परळचे.

मुलुंडला कॉरिडॉरमध्ये हेमांगी धुरू उभी,
वडिलांच्या चपला पिशवीत घालून.
इतकं जुनं कुणाच्या कामी येईल हो?
मग जरा थांबून,
आणि काळीज म्हणजे हृदयच ना?
नाही, म्हटलं. काळीज म्हणजे हेच, यकृत.
गाण्यांनी ते डावीकडे सरकवलं,
खाटकाला अजून जागा बरोबर ठाऊक आहे,
हे मात्र मी मनातच ठेवलं.

ते पालिकेच्या पाणीखात्यात होते, ती सांगत राहिली,
चौतीस वर्षं. चावीवाले.
खांद्यावर लोखंडी चावी, पुरुषभर उंच,
रस्त्यातलं झाकण उचलून अर्धा फेरा, मग पाऊण.
एकदम उघडायचं नाही, म्हणायचे,
जुना पाइप रागावतो.
आधी हवा येते, मग गढूळ, मग पाणी.

डॉक्टर दस्तूरनी कडेवरून बोट फिरवलं.
पातळ आहे. चरबी नावापुरती.
पण बर्फ प्रवासापुरताच हं,
म्हाताऱ्यांना थंडी बाधते.

खरंय. तरुण काळीज बर्फाच्या पेटीत
आठ-दहा तास झोपून आळस देत उठतं.
म्हातारं सुजून उठतं,
कधी उठतच नाही.

म्हणून हे यंत्र :
झाकणाचं भांडं, दोन नळ्या,
रक्तपेढीतलं कुणाकुणाचं रक्त,
सदतीस अंश.
आणि स्टुलावर मी, रात्रपाळीची,
डब्यातली भेंडी तशीच.

दाब वाढला तर फुगतं,
कमी पडला तर कडा काळवंडतात.
मी बटण अर्धा फेरा फिरवते.
थांबते.
पाऊण.

लॅक्टेट अकरा.
तासाभराने आठ.
दस्तूर फोनवर : हं.
तो "हं" मला कधीच वाचता आलेला नाही.

मातकट होतं ते, आल्या वेळी,
आता विटकरी, आता डावा भाग गुलाबीकडे,
उजवा अजून विचार करतोय.
हरेश्वर धुरू, मी म्हणते,
आणि दचकून दाराकडे बघते,
कुणी ऐकलं तर काय म्हणेल.

तीन वाजून बावीस मिनिटं.
पित्तनळीच्या टोकाला काहीतरी जमतंय,
पडत नाही.
मी चष्मा पुसते.
थेंब.
काकवीच्या रंगाचा, तसाच संथ.
मग बराच वेळ काही नाही,
मग दुसरा.

वहीत लिहिते : पित्त सुरू. लॅक्टेट १.९.
दस्तूर म्हणतात, घेऊया.

खालच्या मजल्यावर
कुणाला तरी कालपासून उपाशी ठेवलंय.
नाव मला सांगत नाहीत,
वय तेवढं कळलं : एकोणचाळीस.
आणि मुलुंडला हेमांगीला आता
सह्या करून माणूस ताब्यात घ्यायचाय.
चपला तिने कुठे ठेवल्या असतील.

चार वाजता मागच्या गल्लीतला नळ खोकतो.
आधी हवा.
कुणीतरी बादली सरकवतं.