तीस मिलिमीटर

लोहा मंडीत दुपारी चारला
सांवेरचा लोकेंद्र पाटीदार पिकअप घेऊन आला.
मागचे टायर आत पाट्यांना घासतात, म्हणाला,
दाजींनी दिलेत, एक साइज मोठे, जवळजवळ नवे,
परत करता येत नाहीत, बहिणीचं सासर.
"मामा, मध्ये एक चकती टाकून द्या ना. स्पेसर.
तीस मिलिमीटर. चाकं बाहेर, विषय संपला."
मग हळूच, "दिसायलाही भारी लागेल, भिया."

मी अंगठ्याचं पेर पाहिलं.
एवढंसं.
एवढ्याने काय होतंय, असं माझा हातही म्हणाला,
कारण लेथ सकाळपासून रिकामा होता
आणि दोन चकत्यांचे अठराशे झाले असते.

फायदा नाही असं नाही.
पाय फाकवून उभा राहिलेला हमाल
पोतं घेताना डगमगत नाही.

पण बेअरिंग जिथल्या तिथेच राहतं.
त्याला कोणी विचारत नाही.
भरलेली बादली हात लांब करून धरावी,
पहिलं मिनिट काही नाही,
मग खांद्याला कळतं.

नट काढला, स्टडचे आटे नखाने मोजले.
चकती घातली तर नट हवेतच फिरेल.
"मग लांब स्टड टाका."
टाकीन. हबची कडही उतरवीन चकतीत,
केसाचा फरक राहणार नाही.
मला येतं, हाच तर त्रास आहे.

"भरतोस किती?"
"दीड टन."
"आणि बटाट्याच्या दिवसांत?"
तो टायरकडे बघायला लागला.
"अडीच. मानपूरचा घाट उतरून धामनोदला."

बाबा मालवा मिलमध्ये फिटर होते.
फट दिसली की लगेच भरू नये, म्हणायचे,
आधी बघावं ती का आहे.
(आमच्या मराठीतही हिंदीची एक चकती आहेच,
पुण्याचा पाहुणा आला की ठोकून बघतो.
पण तिच्यावर अडीच टन नसतात.)

"टायर बदल," मी म्हणालो.
"दाजींना काय सांगू?"
ते काही माझ्या लेथवर बसत नव्हतं.
कट चहा झाला. तो गेला.
वळणापर्यंत टायर घासल्याचा वास राहिला.

गुरुवारी एक गृहस्थ मोटारसायकलवर आले,
गळ्यात गमछा, बुटांना शेतातली माती.
"पाटीदाराच्या पोराला नाही म्हणालात ते तुम्हीच का?"
मीच.
बराच वेळ चकच्या जबड्यांत बोट घालून उभे राहिले,
मशीन बंद होती म्हणून बरं.

"ते टायर," शेवटी म्हणाले,
"माझ्याच गाडीला घासत होते.
म्हणून तर दिले."

मी पोराला आणखी एक कट सांगितला.
"परत घेतो," ते म्हणाले. मग जरा थांबून,
"माझ्या गाडीला मात्र वीसची चालेल ना?"